एक दिवस आधी पोचायचं

टिळक रोडला काम निघालं तर मी अजूनही स्कूटर आतल्या गल्लीतून घालतो. मुख्य रस्त्यावर त्या प्रवासवाल्याचं ऑफिस आहे. काचेच्या दारावर विमानाचं चित्र, आत एक टेबल, त्यामागे तो. ते दार मला बघायचं नसतं. ओळखीच्यांना वाटतं, त्याने मला फसवलं असणार. फसवलं असतं तर बरं झालं असतं. फसवणाऱ्याशी कसं भांडायचं हे मला चांगलं कळतं. माझी तक्रार वेगळी आहे. त्याने माझं ऐकलं.

मी सतराव्या वर्षी पुण्यात आलो आणि कसबा पेठेत मोडीच्या दुकानात नोकरीला लागलो. मोड म्हणजे जुनी तांब्यापितळेची भांडी. बायका पिशवीत घालून आणायच्या, आम्ही वजनावर घ्यायचो, त्यातलं चांगलं भांडं ठोकून, घासून पुन्हा विकायचो. मालकाने पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेतलं. म्हणाला, "घागर चांगली निघाली की तुझे डोळे चमकतात. ते त्या बाईला दिसतं. तुझा डोळा वस्तूवर थांबला की भाव वाढला. डोळा फिरता ठेव." मग मी शिकलो. हवं ते भांडं सगळ्यात शेवटी हातात घ्यायचं, उलटं करायचं, बुडाकडे बघून तोंड वाकडं करायचं. पोचा आलाय, बूड पातळ झालंय, कडी हलतेय. आवडलेल्या वस्तूबद्दल चांगला शब्द तोंडातून काढायचा नाही. एवढ्या एका शिकवणीवर मी पुढे हातगाडी घेतली, मग हडपसरला हॉटेलवाल्यांना लागणाऱ्या कढया, पातेली, भट्ट्या यांचं दुकान टाकलं, धायरीला फ्लॅट घेतला. कुणाचा एक रुपया वारशाने आला नाही. हे मी नेहमी सांगतो आणि बायको नेहमी म्हणते, "झालं का सांगून?"

ती त्याच पेठेतली. दोन गल्ल्या पलीकडे तिच्या माहेरची एक खोली होती. त्या खोलीला एकच खिडकी, आणि खिडकीसमोर हात लांब केला की शेजारच्या घराची भिंत. लहानपणी ती त्या भिंतीवरच्या ओलीच्या डागांना देशांची नावं द्यायची. पुढे महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवायला लागली, एकतीस वर्षं तेच शिकवलं. आम्हाला मूल नाही. घरात दोघंच, त्यामुळे आमच्या भांडणात कुणी मधे पडत नाही आणि ती लवकर मिटत नाहीत.

लग्नानंतर पहिल्यांदा तुळशीबागेत गेलो तेव्हाची गोष्ट. तिला एक पितळी अडकित्ता आवडला. सुपारी खात नाही, पण आवडला. हातात धरून ती त्याच्याकडे अशी बघत राहिली की दुकानदाराने वहीतून मान वर केली. मी तिला कोपराने ढोसलं. बाहेर आल्यावर म्हणालो, "अगं, अशी बघू नकोस. तुझ्या डोळ्यांनी बुडवशील मला."

"मग काय, डोळे घरी ठेवून येत जाऊ?"

अडकित्ता मी पुढच्या आठवड्यात एकटा जाऊन निम्म्या भावात आणला. तिने तो कपाटात ठेवून दिला आणि त्यानंतर माझ्याबरोबर बाजारात आली की ती रस्त्याकडे बघत उभी राहायची. मला वाटलं, शिकली.

तिच्या डोळ्यांत काचबिंदू आहे हे कळलं ती निवृत्त झाली त्याच वर्षी. ती जिन्याच्या कठड्याला दोनदा धडकली म्हणून चष्मा बदलायला गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी तिला एका यंत्रापुढे बसवलं. पांढऱ्या वाटीसारख्या पडद्यावर बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी मागे बसून बघत होतो. दिवा लागत होता, ती बटण दाबत नव्हती. पुन्हा लागत होता, ती शांत. मला ओरडावंसं वाटलं, अगं, तो बघ ना, डावीकडे. मग कागद छापून आला. कडेने काळा, मधे उजेडाचं गोल भोक.

"गेलेलं परत येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आहे ते टिकवायचं. थेंब चुकवायचे नाहीत, दर तीन-चार महिन्यांनी दाखवायचं."

"काहीतरी थोडंफार तरी परत मिळेल ना? परदेशी औषध वगैरे?"

"काका, इथे घासाघीस नसते."

घरी आल्यावर तिने चहा केला, बशीत ओतला, आणि म्हणाली, "अहो, एक सांगू? मी एकतीस वर्षं फळ्यावर गोल काढून क्षितिज शिकवलं. स्वतः कधी गोल बघितलं नाही."

"गणपतीपुळ्याला गेलो होतो की."

"तिथे अर्धाच दिसतो. मागे झाडं, हॉटेलं, तुमची गाडी. पूर्ण गोल बघायचा तर जहाजातून जावं लागतं. मधोमध. सगळीकडे पाणी, कुठेच किनारा नाही." मग बशी खाली ठेवत, "दिसतंय तोवर."

तिने स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. साडी, दागिना, काही कधी तिने नाव घेऊन मागितलं नव्हतं. मागितलं की मी भाव पाडायला सुरुवात करतो हे तिला माहीत होतं.

त्या प्रवासवाल्याकडे मी पहिल्यांदा गेलो तो तेव्हा. पंचेचाळीसचा असेल, शांत, बोलताना पेनाचं टोपण उघडझाप करणारा. त्याने सिंगापूरहून निघणारं जहाज सुचवलं. चार रात्री, मधला एक अख्खा दिवस समुद्रात. गॅलरीवाली खोली. मी तीन बैठकींत भाव खाली आणला, शेवटी त्याने जेवणाचं एक कुपनही टाकलं. एप्रिलचं बुकिंग झालं. मार्चमध्ये सगळं बंद.

ते दिवस सगळ्यांनी पाहिलेत, मी वेगळं काय सांगू. हडपसरच्या दुकानाचं शटर खाली, हॉटेलं बंद म्हणजे माझं गिऱ्हाईकच बंद. सिंहगड रोडवर बांबू बांधलेले. तिचे थेंब संपत आले तेव्हा मी औषधाच्या चार दुकानांत हिंडून आणले, ते मात्र मी केलं. पण तपासणीला नेलं नाही. दवाखान्यात जायची भीती, मी साठीच्या पुढचा, ती साठीला टेकलेली. तीन महिन्यांची तपासणी नऊ महिन्यांवर गेली. तेव्हा कागदावरचं उजेडाचं भोक आणखी लहान झालं होतं. मला ते बघून मोडीतलं भांडं आठवलं, ठोकून ठोकून आतून पातळ होत जाणारं.

जहाज कंपनीने कळवलं होतं की भरलेले पैसे जमा राहतील, पुढे केव्हाही या. प्रवासवाला म्हणाला, "घेऊन टाका साहेब. सुरू झालं की पहिल्या फेरीला तुम्हाला घालतो." मी नाही म्हणालो. बंद त्यांनी केलं, मग पैसे परत द्या, नाहीतर खोली मोठी द्या. मी पत्रं लिहिली. दुकान बंद असल्यामुळे मला दुसरं काम नव्हतं, आणि खरं सांगायचं तर भांडायला कुणीतरी मिळालं म्हणून मी तरतरीत होतो. रोज सकाळी पोहे खाऊन मी त्या कंपनीशी भांडायला बसायचो. ती शेजारच्या खुर्चीत, डोळे मिटून, थेंब टाकल्यावर पाच मिनिटं तसंच बसावं लागतं. एकदा डोळे न उघडताच म्हणाली, "जिंकताय का?"

"जिंकणार. तू बघच."

"बघते की. बघण्यासाठीच चाललंय ना हे?"

दुसरी लाट येऊन गेली. मग एक दिवस तिच्या जुन्या शाळेतल्या बाईंचा फोन आला की आता मुंबईहूनच जहाज सुटतं, लक्षद्वीपकडे जातं. विमान नको, काही नको. पुण्याहून टॅक्सी केली की बंदर. तिने फोन ठेवला आणि सरळ कपाटातून बॅग काढली. तेव्हा तिला मधलं दिसत होतं. समोरच्या माणसाचा चेहरा दिसायचा, कान दिसायचे नाहीत, असं ती सांगायची. पेपरचा मथळा वाचायची, एकेक अक्षर धरून. समुद्र तिला दिसला असता. मान फिरवत फिरवत, तुकड्यातुकड्याने, पण गोल पूर्ण झाला असता.

मी म्हणालो, "सिंगापूरवाल्यांकडे आपले पैसे अडकलेत. आता कुठे ते नमायला लागलेत. वरच्या मजल्यावरची खोली देतो म्हणतायत. आणि आपण हे दुसरं घेतलं की ते म्हणतील, गेलं गिऱ्हाईक."

ती बॅग हातात धरून उभी होती.

"अहो, समुद्र तोच आहे."

"समुद्र तोच असला तरी आपण भरलेलं सोडायचं कशाला?"

तिने बॅग परत ठेवली. वाद घातला नाही. मी चाळीसेक वर्षं व्यापार केलाय, समोरचा माणूस गप्प होऊन पिशवी उचलतो तेव्हा सौदा मोडलेला असतो, हे मला कळतं. पण तेव्हा कळलं नाही, कारण मला वाटलं ती पटलं म्हणून गप्प झाली. महिन्याभराने तिसरी लाट आली, ती जहाजंही थांबली. मी तेव्हा म्हणालोसुद्धा, "बघ, गेलो असतो तर मधेच अडकलो असतो." ती म्हणाली, "अडकायला काय हरकत होती?"

पुढच्या पावसाळ्याआधी सिंगापूरवाले सुरू झाले आणि मी जिंकलो. त्याच पैशात वरच्या मजल्यावरची, मोठ्या गॅलरीची खोली. पत्र छापून घेतलं मी. दुकानात काचेखाली लावलं होतं काही दिवस.

आता विमानाचं ठरवायचं राहिलं. प्रवासवाल्याने कागद पुढे ओढला. "मुंबईला रस्त्याने जा. तिथून थेट विमान. एक दिवस आधी पोचायचं. रात्री हॉटेलात विश्रांती, दुसऱ्या दिवशी जेवून आरामात जहाजावर."

"एक रात्र हॉटेलात झोपायला मी सिंगापूरला चाललोय का?"

"साहेब, सध्या विमानांचा भरवसा नाही. माणसं कमी आहेत, फेऱ्या कमी आहेत, वेळा रोज बदलतायत. आणि जहाज म्हणजे स्वारगेटची एसटी नाही, हात दाखवला म्हणून थांबायला. एक दिवस आधी पोचायचं हा आमच्या धंद्यातला नियम आहे."

धंद्यातला नियम म्हटलं की माझे कान उभे राहतात. मीही गिऱ्हाइकाला सांगतो, कढईबरोबर झाकण घेतलंच पाहिजे, नियम आहे. मला वाटलं, हॉटेलात याचा काहीतरी वाटा असणार. मी घरी बसून स्वतः शोधलं. पुण्याहून संध्याकाळी चेन्नई, चेन्नईहून दुसऱ्या कंपनीचं विमान, सकाळी सिंगापूर. जहाज संध्याकाळी सहाला. मधे अख्खा दिवस आहे. दोन तिकिटं वेगवेगळी काढली की बरंच स्वस्त. मुंबईची टॅक्सी वाचते, हॉटेल वाचतं.

त्याने कागद बघितला. टोपण बंद केलं. "दोन वेगळी तिकिटं आहेत साहेब. पहिलं विमान उशिरा गेलं तर दुसऱ्या कंपनीवाले तुम्हाला ओळखणार नाहीत. बाई बरोबर आहेत, त्यांना घाईत चालवणार नाही."

"चेन्नईत अडीच तास आहेत. अडीच तासांत मी चेन्नई विकत घेईन."

"ते खरं, पण…"

"पण नाही. काढून द्या, नाहीतर मी दुसरीकडून काढतो."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं साहेब. तुम्ही म्हणता तसं."

इथेच माझी तक्रार आहे. आयुष्यात मी हजारो माणसांशी घासाघीस केली, पण माझ्या मनात नेहमी असतं की समोरच्याचा एक शेवटचा आकडा असतो, त्याच्याखाली तो जात नाही. मी तोच आकडा शोधत असतो. तिथे पोचलो की थांबतो. त्या माणसाला माहीत होतं की इथे थांबायला हवं. त्याला बाईचे डोळे माहीत होते, मीच सांगितलं होतं. त्याने टेबलावर हात आपटून म्हणायला हवं होतं, चालते व्हा, असं तिकीट मी काढत नाही. मी भडकलो असतो, निघून गेलो असतो, आणि रस्त्यावर येऊन विचार केला असता. त्याने तसं केलं नाही. तो म्हणाला, बरं. मला त्याचा राग येतो तो त्याच्या त्या बरं म्हणण्याचा.

निघायच्या दोन दिवस आधी मोबाइलवर निरोप आला. पुणे-चेन्नई विमान पावणेदोन तास उशिरा सुटणार. अडीच तासांतले उरले पाऊण. तरीही तेव्हा हातात अठ्ठेचाळीस तास होते. मुंबईहून दुसरं तिकीट काढता आलं असतं. सकाळच्या कुठल्याही विमानाने चेन्नईला जाऊन बसता आलं असतं. कुणीही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. मी विमान कंपनीला फोन लावला. तुम्ही वेळ बदललीत, तुम्हीच मला आधीच्या विमानात बसवा, जास्तीचा एक पैसा मी देणार नाही. दोन दिवस मी फोनवर होतो. एक मुलगी, मग दुसरा मुलगा, मग त्याचा वरचा साहेब. ती शेजारी बॅग भरत होती. हाताने चाचपून घड्या घालत होती.

"अहो, देऊन टाका ना ते जास्तीचं."

"प्रश्न पैशाचा नाही. चूक त्यांची आहे."

"चूक त्यांची आहे. जायचं आपल्याला आहे."

शेवटी त्या वरच्या साहेबाने दमून मला खिडकीजवळच्या दोन जागा फुकट दिल्या. मी तिला विजयाने सांगितलं, "घे, खिडकी मिळवली." आधीच्या विमानात जागा नाही म्हणाला, पण खिडकी मिळवली. ती खिडकीत बसली तेव्हा बाहेर अंधार होता. उजेड असता तरी तोवर तिला काय दिसलं असतं, मला माहीत नाही. त्या उन्हाळ्यात मधलं भोकही धूसर व्हायला लागलं होतं. चेहरा आता उजेडात आणि जवळून दिसायचा.

चेन्नईत आम्ही पळालो. म्हणजे मी पळत होतो आणि तिला ओढत होतो. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायचं होतं. बांधकाम चालू होतं, उतार, पत्रे, गर्दी. ती एका बॅगेला अडखळून गुडघ्यावर पडली. उठली, साडी झटकली, म्हणाली, "चला." काउंटरवरच्या माणसाने घड्याळ दाखवलं. दहा मिनिटांपूर्वी बंद. मी ओरडलो, हात जोडले, पुन्हा ओरडलो. सकाळच्या विमानाची नवी तिकिटं घेतली, पूर्ण भावाने, आयुष्यात पहिल्यांदा भाव न विचारता कार्ड पुढे केलं.

सिंगापूरला बंदरावर पोचलो तेव्हा तिथल्या, आपल्यापेक्षा अडीच तास पुढच्या घड्याळात साडेपाच वाजले होते. जहाज सहाला. काचेच्या भल्यामोठ्या इमारतीत कुणीच नव्हतं, फक्त एका टेबलामागे गणवेशातली एक मुलगी. नावनोंदणी साडेचारला बंद झाली, यादी सरकारकडे गेली, आता कुणालाही घेता येत नाही. तिने हे अगदी हसून, मान लववून सांगितलं. जहाज तिच्यामागे काचेपलीकडे उभं होतं. चालत गेलो असतो तर दोन मिनिटं लागली नसती.

मी माझं सगळं वापरलं. विनवण्या, धमकी, खोलीच्या विजयाचं ते छापलेलं पत्र, बायकोचे डोळे. होय, तेही वापरलं. तिला पुढे उभं करून मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणालो, हिला दिसत नाही, हिला शेवटचं बघायचंय. ती मुलगी तिला सॉरी म्हणाली. दोनदा म्हणाली. पण हलली नाही. माझ्या आयुष्यातला तो पहिला माणूस, जो शेवटच्या आकड्यावर उभा राहिला आणि तिथून ढळला नाही. त्या प्रवासवाल्याच्या जागी ही मुलगी असती तर, हे माझ्या मनात नंतर आलं.

बायकोने माझा हात धरून मला बाजूला नेलं. काचेपाशी.

"कुठे आहे जहाज?"

"हे काय, समोर."

तिने कपाळ काचेला टेकवलं. बराच वेळ बघत राहिली. मग भोंगा झाला, काच थरथरली, आणि ते हळूच सरकायला लागलं.

"दिसलं हो," ती म्हणाली. "पांढरं. भिंतीसारखं. आमच्या खिडकीसमोर होती ना, तशीच."

आम्ही त्या चार रात्री सिंगापुरात एका हॉटेलात राहिलो, परतीचं तिकीट बदलत नव्हतं म्हणून. हॉटेलात झोपायलाच गेल्यासारखं झालं. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर मी उलट बोललो असतो आणि मला बरं वाटलं असतं.

पुण्याला आल्यावर मी प्रवासवाल्याकडे गेलो. भांडायला. दारातूनच सुरुवात केली. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी सांगितलं होतं साहेब."

"सांगितलं होतं, पण मी ऐकणारा नाही हे दिसत नव्हतं तुम्हाला?"

"दिसत होतं."

"मग?"

त्याने टोपण काढलं, घातलं. "तुमच्याशी बोलून माणूस दमतो," म्हणाला. रागाने नाही. खरं सांगितल्यासारखं. बाहेर येऊन मी स्कूटरला किल्ली लावली आणि तिथेच उभा राहिलो. एकाएकी मनात आलं, ती पण दमली असेल. बॅग परत ठेवली तेव्हा. अडकित्ता कपाटात ठेवला तेव्हा.

पुढच्या तपासणीला कागद जवळजवळ पूर्ण काळा आला. डॉक्टरीणबाईंनी तो फायलीत लावला, थेंब तेच लिहून दिले. उजेड आहे की अंधार, एवढं तिला कळतं. खिडकी कुठे आहे हे कळतं.

मी मुंबईचं जहाज घेतलं. फोनवर जहाज कंपनीच्या मुलाने भाव सांगितला, मी हो म्हणालो. तो दचकला असावा, त्याने पुन्हा सांगितला. आदल्या दिवशी मुंबईला गेलो, बंदराजवळच्या हॉटेलात राहिलो. ती म्हणाली, "अहो, आता कशाला? माझ्यासाठी नका करू." पण आली. ओळखीचा वास असलेली जुनी साडी नेसून आली, नवीचा रंग कुणाला दाखवायचा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सगळ्यात वरच्या मजल्यावर नेलं. वारा खूप होता. तिला खुर्चीत बसवून पदर खोचून दिला. लोक पोहण्याच्या तळ्याकडे गोंगाट करत होते, आमच्या बाजूला कुणी नव्हतं.

"सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"कसा आहे ते. मी आलेय ना इथवर."

मी समुद्राकडे बघितलं. "बरा आहे. पाणी जरा काळपट वाटतं. त्या बाजूला धुरकट आहे. आणि लाटा काही फार मोठ्या नाहीत, मला वाटलं होतं त्यापेक्षा…"

ती हसायला लागली. "भाव पाडताय होय समुद्राचा? विकत नाही घ्यायचाय आपल्याला."

मी पुन्हा बघितलं. डोळा थांबवायचा म्हटलं तर थांबत नव्हता, सवयच नाही. पण थांबवला. मग मला दिसलं ते मी सांगू लागलो आणि शब्द येईनात. निळा म्हणालो. खूप निळा. जवळ हिरवट, लांब जाता जाता जांभळट. तांब्याच्या नव्या पातेल्यावर ऊन पडलं की कसं होतं, तशी मधे एक पट्टी आहे, ती हलतेय. चांगला आहे, म्हणालो. फार चांगला आहे. एवढंच आलं. पन्नास वर्षांत न वापरलेली गोष्ट ऐन वेळी काढायला गेलो तर अशीच मिळणार.

तिने मान हलवली. "किनारा?"

"नाही."

"चारही बाजूंना बघितलंत? की इथूनच सांगताय?"

मी इथूनच सांगत होतो. ती भूगोलाची मास्तरीण, तिला अर्धं उत्तर चालत नाही. मी उठलो. त्या मजल्याला फेरी मारता येत होती. कठड्याला हात लावून मी सगळ्या जहाजाभोवती चालत गेलो. पुढच्या टोकाला थांबलो, दुसऱ्या बाजूला थांबलो, मागे पाण्यावर उमटत जाणाऱ्या पांढऱ्या फेसापाशी थांबलो. प्रत्येक ठिकाणी उभं राहून नीट बघितलं, एखादी डोंगराची रेघ, एखादी होडी. मला काहीतरी सापडावं असं वाटत होतं. सापडलं असतं तर म्हणता आलं असतं, हे काही पूर्ण नव्हे, पुन्हा येऊ, तेव्हा बघू.

कुठेही काही नव्हतं. जशी ती फळ्यावर खडूने एका दमात काढायची, तशी ती रेषा निघाली होती आणि जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली होती.

मी परत आलो. तिच्या खुर्चीशेजारी बसलो. दम लागला होता.

"कुठेच नाही," म्हणालो. "पूर्ण गोल आहे."

"नक्की?"

"नक्की. सगळीकडून बघितला."

तिने चेहरा उन्हाकडे वळवला, हात मांडीवर ठेवले.

"मग आता जरा गप्प बसा," ती म्हणाली. "मला बघू द्या."